नोंद वगळणे (वेबपृष्ठावरील बदलत्या यादीतून)

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आणि वापरणाऱ्याच्या कृतीनुसार वाढणाऱ्या-घटणाऱ्या यादीतून एखादी नोंद काढून टाकणे, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले ‘डिलीट करणे’. पडद्यावर हे काम एका टिचकीचे भासत असले, तरी तीच नोंद एकाच वेळी तीन ठिकाणी असते: ब्राउझरने पृष्ठातील घटकांचा जो वृक्ष उभारलेला असतो (यास ‘डॉम’ म्हणतात) त्यात, आज्ञावलीने स्मृतीत धरलेल्या यादीत आणि सर्व्हरवरील विदागारात. वृक्षातून घटक काढण्याची सोय डॉमच्या १९९८ सालच्या पहिल्या प्रमाणापासूनच आहे. खरी अडचण वगळलेल्या नोंदीची नसून मागे उरलेल्या नोंदींची असते, कारण मधली एक नोंद गेली की तिच्या खालच्या सगळ्यांचे स्थान एकाने वर सरकते.

मुंबईच्या लालबागमधील एखाद्या चाळीची संगणकावरील मतदार यादी उदाहरणादाखल घेता येईल. अनुक्रमांक ४१२ वर पती आणि ४१३ वर पत्नी असून दोघेही डोंबिवलीला राहायला गेल्यामुळे दोघांवरही ‘स्थलांतरित’ अशी खूण आहे, असे मानू. यादी वरून खाली वाचत खूण असलेली नावे काढणारी आज्ञावली ४१२ वरील नाव काढते. त्याक्षणी पत्नीचे नाव ४१२ वर सरकते, आज्ञावली मात्र पुढचा क्रमांक म्हणून ४१३ कडे वळते आणि पत्नीचे नाव तपासलेच जात नाही. लागोपाठच्या दोन नोंदींपैकी दुसरी निसटण्याची ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. यादी खालून वर वाचणे किंवा ठेवायच्या नोंदींचीच नवी यादी करणे हे तिच्यावरचे दोन रूढ उपाय होत.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. वेबपृष्ठे बांधण्यासाठीच्या, २०१३ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या रिॲक्टसारख्या आज्ञावली-चौकटींत पडद्यावरची प्रत्येक ओळ ओळखण्यासाठी तिला एक ‘की’, म्हणजे ओळखखूण, द्यावी लागते. पुष्कळदा सोय म्हणून ओळीचा क्रमांकच खूण म्हणून दिला जातो. अशा यादीत तिसऱ्या नावासमोरच्या चौकटीत ‘दार बंद, शेजारी चौकशी केली’ असा शेरा लिहिलेला असताना दुसरे नाव वगळले, तर नावे वर सरकतात, परंतु शेरा तिसऱ्या ओळीतच राहतो आणि पूर्वी चौथ्या असलेल्या, या भानगडीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाच्या नावाला चिकटतो. विदागारातली माहिती बिनचूक असते, पडदा मात्र खोटे दाखवतो. म्हणून खूण नोंदीचीच असावी लागते, तिच्या जागेची नव्हे. मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि यादीतील अनुक्रमांक या दोन गोष्टी वेगळ्या असतात, त्या याच कारणाने.

या बाबतीत छापील मतदार यादीची पद्धत अनेक वेबपृष्ठांपेक्षा शहाणपणाची आहे. तीत वगळलेल्या मतदाराची चौकट नाहीशी न करता तिच्यावर वगळल्याचा शिक्का येतो, खालच्यांचे अनुक्रमांक हलत नाहीत, आणि पुरवणी यादीत मयत, स्थलांतरित, दुबार यांसारखे कारण एका अक्षराच्या संकेताने दिले जाते. संगणकशास्त्रात यालाच सौम्य वगळणी म्हणता येईल: नोंद खोडली जात नाही, तिच्यावर ‘वगळली’ अशी खूण करून ती पडद्याआड ठेवली जाते, त्यामुळे ती कोणी, केव्हा आणि का वगळली हे पुढे पाहता येते व चूक झाली असल्यास परत आणता येते. वगळण्यासाठीचा अर्ज, म्हणजे नमुना ७, आता निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. परंतु अर्ज आला म्हणजे नाव गेले असे होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २२ नुसार, मतदार तेथे राहत नाही किंवा पात्र नाही या कारणाने नाव काढण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मुंबई व दिल्लीतील मतदारांना नागरिकत्वाच्या संशयावरून बजावलेल्या नोटिसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, लाल बाबू हुसेन खटल्यात, हेच तत्त्व ठामपणे मांडले. ‘नक्की काढायचे?’ एवढेच विचारणारी चौकट या तुलनेत फारच तोकडी ठरते, कारण तीत काढणाऱ्याला विचारले जाते, ज्याची नोंद जाते त्याला नाही.

गिरगाव, परळ, लालबाग या पुनर्विकासाने ढवळून निघालेल्या भागांत, नाव परस्पर काढणे आणि विचारून काढणे यांतील फरकाचे मोल मोठे आहे. चाळ पाडली जाते, कुटुंब दोन-तीन वर्षांसाठी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जाते, आणि पत्त्यावर माणूस सापडला नाही म्हणजे तो कायमचा गेला असे धरले, तर परत येणाऱ्याचे नाव यादीत नसते. २४ एप्रिल २०१४ रोजी लोकसभेच्या मतदानादिवशी मुंबईत अनेकांना आपली नावे यादीत सापडली नाहीत, आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

वेबपृष्ठावरील वगळणीचा परिणाम दृष्टिहीन वापरकर्त्यांवर वेगळा होतो. ज्या बटणावर त्यांचे लक्ष्यस्थान (फोकस) होते ते ओळीसकट नाहीसे झाले, की पडदावाचक (स्क्रीन रीडर) पृष्ठाच्या आरंभी फेकला जाण्याचा संभव असतो. म्हणून लक्ष्यस्थान लगतच्या ओळीवर नेणे आणि ‘नोंद वगळली’ हे ऐकू येईल अशी व्यवस्था करणे आवश्यक मानतात. ओळ पडद्यावरून काढल्यावर सर्व्हरने वगळणीस नकार दिल्यास ती मूळ जागी परत आणणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

काही वेळा वगळण्याचा अधिकारच नसतो. २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाला विधानसभेची यादी आहे तशी वापरावी लागत असल्याने संभाव्य दुबार नावे काढता येत नव्हती. तेव्हा त्या नावांपुढे दोन तारे छापण्यात आले, आणि असा मतदार केंद्रावर आल्यास अन्यत्र मतदान न करण्याचे हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेण्याची व्यवस्था करण्यात आली.