निरंक

बीड, मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशी, आणि विधानसभेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. अर्ज दुपारी ३ पर्यंतच. (दुकान आणि गिऱ्हाईक जुळवून घेतलेले आहेत, तारखा, नियम आणि बिघाड खरे.)

सकाळी ९.१५. टायपिंगच्या दुकानाचं शटर वर जातं. एका अपक्षाचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन उभाच. आत नमुना २६चं शपथपत्र, मागच्या निवडणुकीतलं, भलत्याच कुणाचं. नाव, जमीन, कर्ज, खटले बदलायचे. फाइल कॉम्प्युटरवर उतरवून न घेता पेनड्राइव्हवरूनच उघडली जाते. घात इथे झाला, पण ते कळायला चार तास लागणार आहेत.

१०.३०. जुना मजकूर श्रीलिपीतला, नवा युनिकोडचा. त्यात व्हॉट्सॲपवर आलेला सात-बाराचा तपशील तक्त्यात डकवला जातो. तक्ता पानाबाहेर धावतो.

११.४०. वर्ड बंद. पुन्हा उघडल्यावर डावीकडे वाचलेली प्रत दिसते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ही ऑटोरिकव्हरची कृपा; सेटिंग बदललं नसेल तर प्रत दर १० मिनिटांनी साठते. सेव्ह करण्याला तो पर्याय नाही. पण आयतं मिळालं की कारण कोण शोधतो?

१२.२५. पुन्हा बंद. "आण्णा, फॉरमॅटच मारावा लागंल," दुकानातला पोरगा म्हणतो. कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर आपल्याकडे हेच एक औषध. दुकानदार मात्र मुरलेला. कंट्रोल दाबून धरत तो वर्ड सेफ मोडमध्ये उघडतो, म्हणजे ॲड-इन बाजूला राहतात. तरी बंद. मग प्रिंटर बदलून पीडीएफवाला निवडतो, कारण पानाची मांडणी करताना वर्ड प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारत असतं आणि ड्रायव्हर बिघडला की वर्डही आडवं होतं. तरी बंद, नेमकं त्याच तक्त्यापाशी. दुसऱ्या फाइली बिनतक्रार चालतात. म्हणजे दोष या फाइलीतच.

१२.५०. इलाज बरोबर निघतो. शेवटचं परिच्छेदचिन्ह सोडून बाकी सगळा मजकूर कोऱ्या फाइलीत न्यायचा (मांडणीचा बराच कचरा त्या चिन्हात दडलेला असतो), तक्ता नव्याने आखायचा. काम सुरळीत चालतं. नवी फाइल सेव्ह करायचं तेवढं राहतं.

१.१०. "आण्णा, झेरॉक्सला पेनड्राइव्ह नेऊ का?" असं विचारत माणूस तो उपसतोही. जुनी फाइल अजून उघडीच होती. वर्ड गोठतं, आणि जुन्या फाइलीसोबत नवीही जाते.

१.२०. वाचलेली प्रत १ वाजताची. मधल्या दहा मिनिटांत कर्जाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं. ते या प्रतीत नाही. मोठा मजकूर गेला असता तर लगेच दिसला असता. एक शब्द कोण पाहतो?

१.४५. प्रिंट, पानोपानी सह्या, नोटरीचा शिक्का.

२.५०. उमेदवार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात वेळेत पोचतो. कागदपत्रांच्या तपासणीची यादी पुढे सरकते आणि एका ओळीवर थांबते. रकाना कोरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर कोरा रकाना चालत नाही: 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. आधी नोटीस; तरीही त्रुटी राहिली तर अर्ज बाद होऊ शकतो.

३.००. अर्ज घेतले जाणं बंद. हातात नोटीस. दुसऱ्या दिवशी छाननी सुरू होण्याआधी सगळे रकाने भरलेलं नवं शपथपत्र द्यायचं, पुन्हा सह्यांसकट, पुन्हा नोटरीसकट. आता धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नोटरी गाठायचा होता.