मध्य न विसरणारी स्टिक

तिरुवैयारूजवळच्या तंजावरची बाहुली ढकलली तरी पुन्हा उभी राहते. तिचा भार तळाशी असतो. गेम कंट्रोलरच्या स्टिकला मध्यावर आणते ती स्प्रिंग. तरीही काही काळाने हात न लावताच पडद्यावरील पात्र चालू लागते. गेमर याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. बहुतेक स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो; त्यातील घासणारा संपर्क झिजला की मध्याचे मापच चुकते.

उपाय जुनाच होता. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेले, स्पर्शाविना चुंबकीय क्षेत्र मोजणारे संवेदक सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये वापरले. २००१ मध्ये त्या कन्सोलचे उत्पादन थांबले. बाजारात पोटेन्शिओमीटरच रुळला. आज गेमर पुन्हा हॉल स्टिक मागत आहेत. बाजारात हरलेले तंत्र सदोषच असते, असे नाही.