वारा पडल्यावर काय?

पवनऊर्जेवर एखाद्या महाविद्यालयात बोलायला गेलो, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : "सर, वारा पडला तर काय करायचं?" वक्त्याला पेचात पकडल्याचा आनंद विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. खरे म्हणजे त्याने विषयाचा गाभाच हेरलेला असतो. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका विद्यापीठात खुद्द वक्त्यानेच उभा केला होता. त्याची ही हकीकत.

केंब्रिज विद्यापीठात 'हेरेटिक्स', म्हणजे पाखंडी, असे नाव अभिमानाने मिरवणारे एक मंडळ होते. ४ फेब्रुवारी १९२३ रोजी तेथे जे. बी. एस. हॉल्डेन यांचे व्याख्यान झाले. तेव्हा ते ३० वर्षांचे होते. जीवरसायन आणि आनुवंशिकी ही त्यांची क्षेत्रे. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, भारताचे नागरिक बनले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

व्याख्यानाचा विषय होता विज्ञानाचे भवितव्य. त्यात ऊर्जेविषयी काही परिच्छेदच होते. पण ते बोलले गेले कोळशाच्या देशात. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २९ कोटी टन कोळसा निघाला होता. अशा देशात हॉल्डेन यांनी सांगितले, की कोळसा आणि तेल काही शतकांत संपणारच. मग वारा आणि ऊन या कधी असणाऱ्या, कधी नसणाऱ्या, पण न संपणाऱ्या स्रोतांकडेच वळावे लागेल. अडचण एकच : ही ऊर्जा साठवायची कशी?

त्यांनी उत्तरही मांडले. देशभर धातूच्या पवनचक्क्यांच्या रांगा असतील. वारा जोरात असेल तेव्हा उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन करायचे. मिळालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू द्रवरूप करून जमिनीत पुरलेल्या, निर्वात आवरणाच्या टाक्यांत ठेवायचे. वारा पडला, की दोन्ही वायूंचा पुन्हा संयोग घडवून वीज मिळवायची. धूर नाही, राख नाही.

ही नुसती कल्पनेची भरारी होती का? नाही. विजेने पाण्याचे विघटन होते हे निकोलसन आणि कार्लाइल यांनी १८०० सालीच दाखवले होते. त्याच्या उलट क्रिया, म्हणजे दोन वायूंपासून थेट वीज, विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास करून दाखवली. आज आपण त्या साधनाला इंधन घट म्हणतो. निर्वात आवरणाचे भांडे बनवणाऱ्या जेम्स ड्यूअर यांनी १८९८ साली हायड्रोजन द्रवरूप केला होता. आणि डेन्मार्कमधील आस्कोव्हच्या लोकशाळेत पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली पवनचक्की उभारून तिच्या विजेने हायड्रोजन तयार केला. शाळेचे दिवे काही वर्षे त्यावर जळत. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट होई आणि शाळेच्या खिडक्यांची तावदाने पुन्हा बसवावी लागत, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. प्रयोग म्हटला की तावदाने आलीच!

हॉल्डेन यांच्या योजनेचा हिशोब वर्गात फळ्यावर मांडता येतो. समान वजनाच्या पेट्रोलपेक्षा हायड्रोजनची उष्णता जवळजवळ तिप्पट असते. मात्र एक लिटर द्रव हायड्रोजनचे वजन जेमतेम ७१ ग्रॅम, तर पेट्रोलचे सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे आकारमानाच्या तुलनेत तो पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी पडतो. वजनात सरस, आकारमानात उणा, या दोन्ही बाजू हॉल्डेन यांनी श्रोत्यांपुढे ठेवल्या होत्या.

खरी मेख पुढे आहे. एक किलो हायड्रोजन तयार करायला सुमारे ५० युनिट वीज लागते. तो उणे २५३ अंश सेल्सियसला द्रवरूप करायला आणखी दहा-बारा युनिट. इंधन घटातून परत मिळतात सोळा-सतरा युनिट. साठाला सोळा! लिथियमच्या बॅटरीत शंभर युनिट घातले, तर सुमारे ८५ परत येतात. म्हणून आज काही तासांच्या साठवणीसाठी बॅटरी वापरतात. हायड्रोजनचा विचार होतो तो दीर्घकाळच्या साठवणीसाठी, आणि पोलाद व खत यांसारख्या उद्योगांसाठी. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये, हॉल्डेन यांच्या व्याख्यानाला शंभर वर्षे होत असतानाच, हरित हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे तिचे उद्दिष्ट आहे.

हॉल्डेन चुकलेही. अणूतील ऊर्जा व्यवहारात उतरेल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. १९५६ साली त्यांच्याच देशात कॅल्डर हॉलचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पवनचक्क्यांच्या देशाला त्यांनी चारशे वर्षांची मुदत दिली होती. प्रत्यक्षात ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र बंद झाले, आणि त्या वर्षी तेथील सुमारे ३० टक्के वीज वाऱ्यापासून आली. शतकच पुरले. आणि कोळसा तर संपला नव्हता! तो सोडावा लागला, याचे मोठे कारण कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी तापमानवाढ. अऱ्हेनियस यांनी तिचे गणित १८९६ सालीच मांडले होते; पण हॉल्डेन यांच्या मांडणीत ते कारण नव्हते.

तेव्हा भाकित खरे ठरले की खोटे, एवढेच पाहून थांबू नये. हॉल्डेन यांची मुदत चुकली, कारण चुकले. प्रश्न मात्र अचूक होता. पुढच्या वेळी वर्गात कोणी "वारा पडला तर काय?" असे विचारले, तर त्याला खाली बसवू नका. खडू त्याच्या हाती द्या आणि तो हिशोब त्यालाच करू द्या.