रजा, तिकीट आणि सोबत

ब्रुसेल्स येथील आपल्या वकिलातीत आमची तीन वर्षांसाठी नेमणूक झाली. पहिल्याच महिन्यातील एका शनिवारी सकाळी आम्ही तेथल्या मध्य स्थानकावर तिकिटाच्या रांगेत उभे होतो. आम्ही म्हणजे अस्मादिक, सौभाग्यवती आणि सहा वर्षांची कन्या. हातात पोळीभाजीचा डबा होता, आणि मनात थोडी अपराधाची भावना होती. कारण दिल्लीस असताना रजेच्या अर्जात ‘कारण’ या सदरापुढे आम्ही नेहमी ‘घरगुती काम’ एवढेच लिहीत आलो होतो. फिरावयास जाण्यासाठी रजा हवी, असे एकदा तोंडातून निघून गेले, तेव्हा एका वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहत “फिरायला? त्यासाठी रजा?” असे विचारले होते. ते दोन प्रश्न आमच्याबरोबर समुद्रापार आले होते.

रांगेत आमच्या पुढेमागे कुटुंबेच कुटुंबे होती. कोणाच्या पाठीवर पिशवी, कोणाच्या खांद्यावर मूल, कोणी म्हातारा-म्हातारी एकमेकांचा हात धरून उभी. सौभाग्यवतींनी हळूच विचारले, “अहो, ही माणसे दर आठवड्याला अशी सहकुटुंब निघतात. हे यांच्याकडे पूर्वापार आहे, की अलीकडचे?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्हास तेव्हा देता आले नाही. पुढच्या तीन वर्षांत जी गावे पाहिली आणि जी पुस्तके चाळली, त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. परमुलखी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना रजा आणि तिकीट हे विषय परके वाटणार नाहीत, अशी आशा आहे.

पूर्वापार म्हणावे तर युरोपात हौसेचा प्रवास होता. पण तो कुटुंबाचा नव्हता. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमधील धनवंतांचे चिरंजीव शिक्षण पुरे झाले की दोन-तीन वर्षांसाठी मुख्य भूमीवर जात. पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स असा त्यांचा मार्ग असे. या प्रघाताला ‘ग्रँड टूर’ हे नाव पडले, ते रिचर्ड लासेल्स याच्या १६७० साली निघालेल्या इटलीवरील प्रवासग्रंथापासून. बरोबर एक शिक्षक, एक-दोन नोकर आणि हुंड्यांची थैली असे. आई, बहीण किंवा पत्नी क्वचितच असे. हा प्रवास म्हणजे पुढे इस्टेट सांभाळावयाच्या तरुणाला पैलू पाडण्याचा एक प्रकार होता. त्याला रजेचा अर्ज करावयाचा नव्हता, कारण त्याला नोकरीच नव्हती.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांनी हा मार्ग जवळजवळ वीस वर्षे बंद पाडला. तो पुन्हा उघडला ब्रुसेल्सजवळच्या वॉटर्लू येथे. १८ जून १८१५ रोजी लढाई झाली आणि त्याच उन्हाळ्यात तेथे प्रेक्षकांची रीघ लागली. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट ऑगस्टमध्येच येऊन गेला. आसपासचे शेतकरी शेतात सापडलेल्या गोळ्या आणि गुंड्या विकू लागले. आम्हीही तेथे गेलो. १८२६ साली पुरी झालेली सिंहाची टेकडी मातीची, आणि तिला पायऱ्या २२६. कन्येने त्या मोजीत चढल्या, आणि वर पोचल्यावर “खाली तर नुसती शेतेच आहेत” असा निर्वाळा दिला. तो काही खोटा नव्हता. परंतु त्या शेतांना पाहण्यासाठी समुद्र ओलांडून माणसे येऊ लागली, आणि त्यांत बायका-मुलेही असत, ही गोष्ट नवी होती. मात्र घोडागाडी आणि खाणावळ यांचा खर्च सोसेल असे कुटुंब सामान्य नव्हते.

सामान्यांसाठी वाट मोकळी केली ती आगगाडीने. बेल्जियम स्वतंत्र झाल्याला पाच वर्षेही झाली नव्हती, तोच ५ मे १८३५ रोजी ब्रुसेल्सहून मेखेलेनपर्यंत पहिली गाडी धावली. १८३८ मध्ये रूळ ऑस्टेंडच्या समुद्राला जाऊन भिडले. आपली मुंबई-ठाणे गाडी त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५३ साली सुटली.

पण रूळ असून भागत नाही. स्वस्त तिकीट काढून देणारा कोणी तरी लागतो. तो माणूस इंग्लंडात निघाला. टॉमस कुक हा मूळचा सुतारकाम करणारा आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लाफबरो येथील दारूबंदीच्या सभेला एका शिलिंगात नेऊन परत आणले. १८५५ साली त्याने आपल्या मंडळींना अँटवर्प, ब्रुसेल्स, ऱ्हाइनकाठ आणि पॅरिस दाखविले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंड. या शेवटच्या सहलीत यॉर्कशायरमधील सेल्बी गावची जेमायमा मॉरेल नावाची अविवाहित तरुणी होती. लांब घोळदार झग्यात बर्फाच्या नदीवरून चालत गेल्याची रोजनिशी तिने लिहून ठेविली. ती वही दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यातून मिळाली आणि १९६३ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, छापली गेली. कुकच्या सहलींत अशा पुष्कळ स्त्रिया असत. घरचा पुरुष बरोबर नसला तरी चारचौघांच्या जथ्यात जाण्यास समाजाची हरकत राहिली नाही.

हरकत घेणारे मात्र निघालेच. इटलीत स्पेझिया येथे ब्रिटिश उपवकिलाच्या जागेवर असलेला कादंबरीकार चार्ल्स लीव्हर याने १८६५ मध्ये या प्रवाशांची मासिकातून यथेच्छ टर उडविली. ऑस्ट्रेलिया आता कैदी घेत नाही, म्हणून इंग्लंड ते इटलीत सोडीत आहे, अशी थापही त्याने ठोकून दिली. परदेशी नोकरीच्या जोरावर इटलीचे सौंदर्य भोगणाऱ्या या गृहस्थाला त्याच इटलीत दुकानदार आणि शिक्षिका दिसल्या की पोटशूळ उठे. आमच्या खात्यातील माणसांनी हे उदाहरण मनाशी ठेवावे. असो. कुकने काढलेली पेढी १७८ वर्षे चालून २०१९ साली बुडाली. तिने लावलेली सवय मात्र बुडाली नाही.

आता जोडप्यांविषयी. लग्नानंतर वधूवरांनी दोघांनीच कोठे तरी जावे, ही युरोपची फार जुनी चाल असावी, असा आमचा समज होता. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात नवे जोडपे जो प्रवास करी, त्यात बहीण किंवा मैत्रीण बरोबर असे, आणि ज्या नातलगांना लग्नास येता आले नव्हते त्यांच्या भेटी हा त्याचा हेतू असे. आपल्याकडे लग्न झाल्यावर सगळे घर नव्या जोडप्याला घेऊन जेजुरीस किंवा आपापल्या कुलदैवताला जाते, त्याहून हे फारसे निराळे नव्हे. दोघांनीच जाण्याची रीत रुळली ती पुढे, शतक सरता सरता.

आमच्या आजोबांच्या काळी आजोबा पुढे चालत आणि आजी दहा पावले मागे. आमच्या स्वतःच्या लग्नानंतर आठ वर्षे आम्ही उभयतांनी एकही दिवस केवळ दोघांचा म्हणून काढला नव्हता. ब्रुसेल्समध्ये शेजारच्या बाईंनी कन्येला एका रविवारी आपल्याकडे ठेवून घेतले आणि आम्हास जवळजवळ घराबाहेर ढकलले. आम्ही ब्रुज येथे गेलो. मध्ययुगात हे व्यापाराचे मोठे केंद्र होते. पुढे झ्विन नावाची समुद्राची खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला, आणि एकोणिसाव्या शतकात येथे लेस विणणाऱ्या बायका आणि दारिद्र्य एवढेच उरले. नवे बांधावयास पैसा नव्हता, म्हणून जुने टिकले. ऑस्टेंडहून वॉटर्लूला जाणाऱ्या इंग्रज प्रवाशांना ते वाटेत दिसले आणि आवडले. १८९२ मध्ये जॉर्ज रोडेनबाख याने येथे शोक करीत राहिलेल्या एका विधुराची कादंबरी लिहिली; गावाला मृत म्हणणाऱ्या त्या पुस्तकाने गावाकडे आणखी माणसे ओढली. २००० साली जुन्या ब्रुजची जागतिक वारशात नोंद झाली.

त्या कालव्यांच्या काठाने आम्ही दिवसभर बरोबरीने चाललो. प्रथम काय बोलावे तेच सुचेना. घरखर्च आणि कन्येची शाळा हे विषय अर्ध्या तासात संपले. मग सौभाग्यवतींनी आपल्या लहानपणीच्या नदीच्या गोष्टी सांगितल्या. आठ वर्षांत त्या आम्ही कधी ऐकल्या नव्हत्या; त्यांनी सांगितल्या नव्हत्या असे नव्हे, आम्हास ऐकावयास सवड झाली नव्हती.

सवड! सबंध प्रश्न येऊन ठेपतो तो येथे. आगगाडी आली, तिकीट स्वस्त झाले, तरी कारखान्यातल्या मजुराला आणि पेढीवरच्या कारकुनाला सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. ही अडचण फुटली १९३६ मध्ये. त्या वर्षी मे-जूनमध्ये फ्रान्सच्या कामगारांनी कारखाने व्यापून संप केला. लिआँ ब्लूम यांच्या नव्या सरकारने २० जूनच्या कायद्याने दरसाल दोन आठवड्यांची भरपगारी रजा देऊ केली. क्रीडा आणि विरंगुळा यांचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रजेवर निघालेल्यांसाठी ४० टक्के सवलतीचे रेल्वे तिकीट काढविले. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. ज्यांना तेही परवडले नाही, अशी तरुण जोडपी दोघांनी चालवावयाच्या सायकलीवर बसून रस्त्याला लागली. त्या उन्हाळ्याची छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत: पुढे तो, मागे ती, आणि दोघांचे पाय एकाच वेळी फिरत आहेत. बेल्जियममध्येही त्याच जूनमध्ये मोठा संप झाला आणि जुलैच्या कायद्याने वर्षाला सहा दिवसांची भरपगारी रजा आली. ब्रिटनने असा कायदा १९३८ मध्ये केला. लाग्रांज १९४० साली लढाईत पडले.

त्याच सुमारास जर्मनीतही कामगारांना सहली घडत होत्या, हे सांगितले पाहिजे. १९३३ च्या मे महिन्यात हिटलरच्या राजवटीने कामगार संघटना मोडून काढल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘आनंदातून शक्ती’ नावाची संस्था काढून समुद्रपर्यटने चालू केली. समुद्र तोच, उन्हही तेच. परंतु ती सहल मालकाने खूश होऊन दिलेली होती, आणि युद्ध सुरू होताच तीच जहाजे लष्कराच्या कामी लागली. हक्काची रजा आणि मेहेरबानीची रजा यांतील अंतर आम्हास या दोन उन्हाळ्यांनी जितके स्पष्ट दाखविले, तितके रजेच्या नियमावलीने कधी दाखविले नव्हते.

परतण्याच्या आधी एक ठिकाण राहिले होते. फ्रान्समधील लील शहराजवळ नव्ह-शापेल नावाचे खेडे आहे. एका स्नेह्यांच्या मोटारीतून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. वाटेत सरहद्द कोठे ओलांडली तेही कळले नाही; शेंगेन करारान्वये तेथील नेहमीचे पहारे उठले होते. १९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरू लागल्या. २८ ऑक्टोबर रोजी या खेड्यावरील हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर मुंबईच्या सॅपर्स आणि मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या तुकड्या होत्या. त्यांचे ठाणे आपल्या पुण्याजवळचे खडकी. पूल आणि खंदक बांधणारी ही माणसे त्या दिवशी संगिनी घेऊन गल्ल्यांतून लढली, आणि फार थोडी परत आली.

तेथील स्मारक १९२७ साली उघडले. गोल आवार, दगडी जाळी, मध्ये उंच स्तंभ आणि दोन बाजूंना दोन वाघ. ती जाळी पाहताच आम्हास दिल्लीच्या सचिवालयाची आठवण झाली. ती योग्यच होती, कारण दोहोंचा शिल्पी एकच, हर्बर्ट बेकर. भिंतीवर साडेचार हजारांहून अधिक नावे आहेत. ही माणसेही युरोपात आली होती. त्यांना तिकीट काढावे लागले नाही. सोबत घरचे कोणी नव्हते. जखमी होऊन बरे झालेल्यांना पुन्हा आघाडीवर धाडीत, आणि घरी कधी सोडणार हा प्रश्न त्यांच्या पत्रांतून वारंवार येतो. टपालाच्या तपासनिसांनी त्या पत्रांतील उतारे भाषांतरून दफ्तरी ठेविले, म्हणून ते आज वाचावयास मिळतात.

सौभाग्यवतींनी डबा उघडला नाही. कन्या भिंतीशी उभी राहून एकेक नाव अक्षर लावून वाचीत होती. सॅपर्सच्या रकान्यापाशी आल्यावर तिने विचारले, “बाबा, हे फिरायला आले होते?” आम्ही नाही म्हणालो. “मग यांना घरी कधी जायचं होतं?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

स्वदेशी परतल्यानंतर पहिल्या रजेचा अर्ज लिहिण्याचा प्रसंग आला. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून प्रवासाची सवलत आहे. ती घेऊन उभयतांनी कन्येसह सौभाग्यवतींच्या माहेरची नदी पाहावयाची, असे ठरले होते. ‘कारण’ या सदरापुढे सवयीने ‘घर’ एवढी दोन अक्षरे उमटली. ती खोडली, आणि त्यांपुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले: सहकुटुंब प्रवास.