पिवळ्या नदीचे प्रेक्षक

जून १९८८मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर सहा भागांची एक माहितीपट-मालिका लागली. नाव ‘हशांग’, म्हणजे साधारण ‘नदीचा शोक’. नदी अर्थातच ह्वांग हो, पिवळी नदी. लेखक सु शियाओकांग आणि वांग लुशियांग, दिग्दर्शक शिया जुन. प्रेक्षकांची इतकी पत्रं आली आणि वर्तमानपत्रांत इतका वाद झाला की ऑगस्टमध्ये ती पुन्हा दाखवावी लागली. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिआनमेन चौकात रणगाडे आले. त्यानंतर मालिकेवर बंदी आली आणि सु शियाओकांग देश सोडून पळाले.

१९८८चा तो उन्हाळा आमच्या वर्ध्यात वेगळ्याच मालिकेचा होता. रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू असायचं आणि गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे सगळे जमायचे. ऑक्टोबरात ‘महाभारत’ आलं, आणि पहिल्याच भागांत नदी पडद्यावर आली ती गंगा होऊन, जन्मलेली बाळं पाण्यात सोडणारी. नोव्हेंबरात श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. एकाच वर्षी दोन शेजारी देशांची सरकारी दूरचित्रवाणी आपापल्या भूतकाळाकडे वळली होती. आपल्याकडे त्यातून भक्ती आणि अभ्यास निघाला, तिकडे भांडण निघालं. त्या भांडणाबद्दल मला अनेक वर्षं कुतूहल आहे.

मालिकेचं म्हणणं थोडक्यात असं. चिनी संस्कृती पिवळ्या मातीतून आणि या नदीतून जन्मली, आणि नदीसारखीच गाळात रुतली. चीनची भिंत हे पराक्रमाचं नव्हे, स्वतःला कोंडून घेण्याचं चिन्ह. ड्रॅगन म्हणजे निसर्गापुढच्या भीतीची पूजा. आता मातीचा पिवळा रंग सोडून समुद्राच्या निळ्या रंगाकडे जायला हवं. शेवटच्या भागाचं नावच निळाईवर आहे.

नदीबद्दलचे तपशील मात्र पोकळ नाहीत. ह्वांग हो वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून आणायची. तो तळाशी बसतो, म्हणून लोक बांध उंच करतात, म्हणून तळ आणखी वर येतो. कायफंग शहरापाशी नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच आहे. म्हणजे नदी डोक्यावरून वाहते. १९३८मध्ये जपानी फौजा अडवायला च्यांग कै-शेकच्या सैन्याने हुआयुआनखोऊचा बांध स्वतःच फोडला आणि लाखो शेतकरी बुडाले, देशोधडीला लागले. अशा नदीवर मालिका काढायची तर शोक हा शब्द कुठून शोधून आणावा लागत नाही.

आता प्रेक्षक. तरुणांनी आणि विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण जे घरात कुजबुजत बोललं जायचं ते पडद्यावर मोठ्याने ऐकू आलं. संहिता वर्तमानपत्रांत छापून आली, तिची पुस्तकं निघाली. इतिहासकार चिडले, त्यांना तपशिलांत चुका दिसल्या, आणि माती-पाण्यावरून एका समाजाचं नशीब ठरवणं त्यांना भाबडं वाटलं. परदेशात राहणाऱ्या अनेक चिन्यांना दुखावल्यासारखं झालं. सगळ्यात जिव्हारी लागणारी टीका मला वेगळीच वाटते: गेल्या चाळीस वर्षांतल्या राज्यकर्त्यांनी जे केलं, त्याचं खापर तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांवर फोडताय. ही टीका खरी आहे. पण राज्यकर्त्यांचं नाव घेता येत नव्हतं म्हणूनच नदीचं घेतलं, हेही तितकंच खरं. प्रेक्षकांना ते कळत होतं आणि सरकारलाही.

सर्वांत संतापलेला प्रेक्षक होता उपराष्ट्राध्यक्ष वांग झेन. वय ऐंशी. मालिकेत चिनी जनतेची निंदा केली आहे, असं त्यांचं म्हणणं. हा माणूस नुसता हटवादी म्हातारा म्हणून सोडून देता येत नाही. १९४०च्या दशकात याच पिवळ्या मातीच्या पठारावर, यान’आनजवळच्या नानिवानमध्ये, त्यांच्या तुकडीने पडीक जमीन खणून स्वतःचं धान्य पिकवलं होतं. त्या काळात यान’आनमध्ये सैनिक आणि पुढारी सूतही कातत. त्याच यान’आनला १९३९च्या सुरुवातीला काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक पोचलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते तसे आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणिसांवर शांतारामबापूंनी सिनेमा काढला. चोळकरांना विदर्भातही फारसं कुणी ओळखत नाही, ते असो.

सूत, स्वावलंबन, गावातली माती. वर्ध्याच्या माणसाला इथे थांबावंच लागतं. १९३४च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्याचं ठाणं झालं. तिथे जे. सी. कुमारप्पांनी कोळसा-तेलासारख्या साठ्यांवर चालणारं अर्थकारण आणि वाहत्या प्रवाहावर चालणारं अर्थकारण असा भेद मांडला. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा राहिले, गांधींच्या अस्थीही तिथे विसर्जित झाल्या. ‘हशांग’ला जो प्रश्न पडला होता तोच इथेही पडला होता, शेतीवर जगणाऱ्या जुन्या समाजाने पुढे कुठे जायचं. इथलं उत्तर मात्र नेमकं उलट निघालं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी ही मालिका घरी लावली. इंग्रजी उपशीर्षकं होती. मधेमधे थांबवून मी मराठीत सांगत होतो. आम्ही पाच जण. त्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, गोपुरीत खादीत आयुष्य गेलेल्या एक ताई आणि आर्वीकडचे एक कापूस शेतकरी. ताईंना भिंतीचा भाग आवडला आणि निवेदकाचा आवाज अजिबात आवडला नाही. “फारच रागावून बोलतो हा. घरच्या म्हाताऱ्यावर ओरडावं तसा,” त्या म्हणाल्या. अभियंते गाळाचे आकडे वहीत उतरवत बसले.

निळ्या समुद्राचा भाग संपला तेव्हा शेतकरी काका म्हणाले, “अन् आपला कापूस तर दीडशे वर्षांपूर्वीच समुद्रावर गेला होता ना बाप्पा. मग?”

याचं उत्तर मालिकेत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाचं नाव विलायतेत पोचलं होतं. १८६२मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, १८६७मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत आली. वर्धा शहर वसलं ते याच घाईत. युद्ध संपलं, भाव कोसळले. तेव्हापासून इथला भाव समुद्रापलीकडे ठरतो, आणि त्याची झळ कुठल्या घरांना बसते हे या जिल्ह्याला सांगावं लागत नाही. समुद्र म्हणजे मोकळेपणा हे बीजिंगच्या लेखकाला वाटू शकतं. बंदरावरून गाठी जाताना पाहणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही.

पण काकांनी मगनवाडीलाही सोडलं नाही. “तेही चांगलंच होतं. पण तेही बाहेरून येऊनच सांगितलं ना आम्हाले.” ताई गप्प राहिल्या, नंतर चहा करायला उठल्या.

मला वाटतं, या मालिकेच्या प्रेक्षकांचा जेवढा इतिहास लिहिला गेला त्यात हीच जागा रिकामी आहे. विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, उपराष्ट्राध्यक्ष आहेत. कायफंगच्या बांधाखाली शेत असलेला माणूस त्या जूनमध्ये टीव्हीसमोर बसला होता का, आणि आपल्या नदीला कुणी अपराधी ठरवतंय हे ऐकून काय म्हणाला, ते कुठे नाही. तो पडद्यावर होता, पत्रांत नव्हता.

अभियंत्यांनी वही मिटली आणि विचारलं, पुढे त्या नदीचं काय झालं? ते मला सांगता आलं. वरच्या प्रांतांनी पाणी उपसलं, आणि १९९७मध्ये खालच्या भागात ती २२६ दिवस कोरडी राहिली, समुद्राला मिळालीच नाही. मग प्रांताप्रांतांत पाणीवाटप सक्तीने लागू झालं. १९९९नंतर ती आटलेली नाही.

“वाटप,” ते म्हणाले, आणि निम्न वर्ध्याच्या कालव्यांबद्दल बोलू लागले. ते रात्री अकरापर्यंत चाललं.