निळ्या डोंगराची वाट

म्हैसूर शहरातून दक्षिणेकडे जाणारा रस्ता प्रथम नंजनगूडला कपिला नदी ओलांडतो, मग गुंडलुपेटच्या कोरड्या शेतीतून बंदीपूरच्या अरण्यात शिरतो आणि शेवटी नीलगिरीच्या भिंतीपाशी येऊन उभा राहतो. मसिनगुडीहून कल्हट्टीचा घाट चढला, की 36 तीव्र वळणांनंतर प्रवासी अगदी वेगळ्या प्रदेशात येतो. साग, बांबू आणि धावड्याचे जंगल मागे राहते. एका बाजूला पाइनच्या सरळसोट खोडांच्या रांगा लागतात, तर दुसऱ्या बाजूला गवताने झाकलेल्या उघड्या टेकड्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या दिसतात. साडेसातशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरच्या म्हैसुरातून निघून 2,240 मीटर उंचीवरच्या उटकमंडला पोहोचणारी ही सव्वाशे किलोमीटरांची वाट आज हौशी सायकलस्वारांच्या परिचयाची झाली आहे. त्या वाटेवर दिसणाऱ्या पाइनच्या आणि माळरानाच्या मागे मात्र दोन शतकांचा इतिहास उभा आहे, आणि तो केवळ निसर्गाचा इतिहास नव्हे.

सायकल हे तसे पाहिले तर अर्वाचीन वाहन. जर्मनीतील कार्ल ड्रेस याने 1817 मध्ये दोन चाकांचे लाकडी यंत्र तयार केले खरे, परंतु ते पायांनी जमिनीला रेटा देऊनच चालवावे लागे. पुढे 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने समान चाकांची व साखळीने चालणारी सायकल बनविली आणि 1888 मध्ये डनलॉपने हवा भरलेला रबरी टायर तिला मिळवून दिला. त्यानंतरच ही ‘पायगाडी’ सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे तिचा उपयोग प्रामुख्याने कामधंद्यासाठी झाला. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार, दूधवाला आणि टपालवाला यांची ती सोबतीण होती. पुण्याला तर ‘सायकलींचे शहर’ हे बिरुदच मिळाले होते. तथापि सायकलीवरून केवळ जग पाहण्यासाठी निघण्याची हौसही आपल्या भूमीला अपरिचित नव्हती. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटरांचा प्रवास पुरा करून मार्च 1928 मध्ये परतले. वाळवंटे, हिमाच्छादित घाट आणि अरण्ये त्यांनी पायांच्या बळावर ओलांडली.

म्हैसूर हे अशा हौसेला अनुकूल शहर आहे. 1903 मध्ये येथे नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यांची आखणी संस्थानाच्या धोरणाचा भाग बनली. शहराच्या पश्चिमेला 1864 मध्ये बांधलेले कुक्करहळ्ळीचे तळे आहे, तर आग्नेयेला चामुंडीची टेकडी. तिच्या हजार पायऱ्यांच्या वाटेवर सतराव्या शतकातील प्रचंड नंदी बसला आहे आणि वळणे घेत जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे सायकलस्वार चढणीचा सराव करताना दिसतात. 4 जून 2017 रोजी याच शहरात ‘ट्रिन ट्रिन’ नावाची सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. 450 सायकली ठिकठिकाणच्या थांब्यांवर ठेवण्यात आल्या. एका थांब्यावरून सायकल घ्यावी आणि दुसऱ्यावर ठेवावी, अशी तिची रचना.

या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास वाट हॉलंडच्या अशाच एका पाइनवनात व माळरानात पोहोचते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 1965 साली काही बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर मोकळ्या ठेवल्या. कुलूप नसलेल्या या सायकली पोलिसांनी जप्त केल्या आणि तो प्रयोग तेथेच थांबला. परंतु 1974 मध्ये होख वेलुवे या राष्ट्रीय उद्यानाने तीच पांढरी सायकल आपल्या दाराशी उभी केली. आजही तेथे येणारा पाहुणा विनामूल्य सायकल घेऊन पाइनच्या सावलीतून आणि हीदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेल्या माळावरून हिंडतो.

त्या डच माळाची कथा नीलगिरीच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तेथील माळ हा शतकानुशतके चाललेल्या मेंढपाळीतून आणि गवताळ माती कापून नेण्यातून निर्माण झाला. वापर अतिरेकी झाला तेव्हा वाळू उडू लागली. ती थोपविण्यासाठी आणि खाणींना लाकडी टेकू पुरविण्यासाठी तेथे पाइन लावण्यात आले. पुढे पाइन माळावर आक्रमण करू लागला आणि आता तोच माळ टिकविण्यासाठी रोपे उपटावी लागतात, मेंढ्या चाराव्या लागतात. म्हणजे जे ‘नैसर्गिक’ म्हणून मनाला भावते, ते पुष्कळदा माणसाच्या हातून घडलेले असते. काय जपावयाचे, हे तेथे विचारपूर्वक ठरवावे लागले.

नीलगिरीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथील उघड्या टेकड्या माणसाने जंगल तोडून केलेल्या नव्हेत. उंचावरचा वारा, हिवाळ्यातील दहिवर आणि अधूनमधून लागणारे वणवे यांमुळे झाडांची कोवळी रोपे उघड्या उतारांवर तग धरीत नाहीत. म्हणून झाडे दऱ्याखोऱ्यांच्या आडोशाला दाटतात आणि उतारांवर गवत राज्य करते. या ठेंगण्या, दाट वनांना ‘शोला’ म्हणतात. शोला आणि गवत यांची ही जोडी हजारो वर्षांची आहे. पावसाचे पाणी गवताखालच्या स्पंजासारख्या मातीत मुरते आणि दऱ्यांतील ओहोळांतून सावकाश बाहेर पडते. तोडा लोकांच्या म्हशी याच गवतावर चरत आल्या. त्यांची पवित्र दुग्धमंदिरे पाणथळ जागी उगवणाऱ्या विशिष्ट गवताने शाकारली जातात. येथेच दर बारा वर्षांनी कुरिंजी फुलते. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची ती भगिनीच होय.

1819 मध्ये कोइमतूरचा जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन हा डोंगर चढून आला आणि थोड्याच वर्षांत उटकमंडची वसाहत उभी राहिली. इंग्रजांना ही टेकड्यांची रचना मायदेशाची आठवण करून देणारी वाटली. तिच्यावर त्यांनी शिकारी कुत्र्यांच्या मागे घोडे दौडविले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेन्लॉक यांच्या नावाने सुमारे 80 चौरस किलोमीटरांचा माळ ‘वेन्लॉक डाउन्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि राखीव झाला. साहेबांच्या करमणुकीसाठी का होईना, तो नांगरापासून वाचला, हे नमूद केले पाहिजे. त्याच वेळी तोडांच्या गुरचराईवर बंधने आली, हेही तितकेच खरे.

नांगरापासून वाचलेला हा माळ झाडांपासून मात्र वाचला नाही. थंड हवेच्या नव्या वसाहतीला जळण हवे होते आणि शोलांची तोड झपाट्याने होत होती. त्यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि निलगिरी (युकॅलिप्टस) ही झाडे आणली गेली. ज्या झाडाला आपण मराठीत ‘निलगिरी’ म्हणतो, ते त्या डोंगरावर उपरे आहे, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात कारणे बदलली, पण दृष्टी बदलली नाही. कातडी कमावण्यासाठी वॅटलची साल हवी होती, रेयॉनसाठी लगदा हवा होता आणि त्याबरोबर पाइनच्या लागवडीही वाढल्या. सरकारी दप्तरात गवताळ टेकडी म्हणजे रिकामी जमीन आणि रिकामी जमीन म्हणजे पडीक, असा साधा हिशेब होता. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. झाड लावणे हे पुण्यकर्म, ही भावना आपल्या मनात खोल रुजलेली आहे. परंतु गवताळ प्रदेशावर लावलेले झाड तेथील गवत, त्यावर जगणारे पक्षी आणि पाणी मुरविणारी माती यांच्या जागी उभे राहते, हे उशिराने उमगले. वॅटल तर लागवडीची सीमा ओलांडून आपण होऊन पसरला.

आज या प्रदेशाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली आहे. 1986 मध्ये नीलगिरी जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले. 2022 मध्ये तमिळनाडू शासनाने आक्रमक वनस्पतींविषयी धोरण जाहीर केले. गवताळ भाग पूर्ववत करण्याचे प्रयत्न काही ठिकाणी चालू आहेत. काम सोपे नाही. झाड कापले म्हणून गवत परत येत नाही. मातीत दडलेले वॅटलचे बी वर्षानुवर्षे उगवत राहते आणि पाइनच्या सावलीची सवय झालेल्या प्रवाशाला त्या जागी मोकळी टेकडी बरी वाटेलच असे नाही. खालच्या अरण्याचा प्रश्नही असाच आहे. म्हैसूरच्या महाराजांनी 1931 मध्ये राखलेले वेणुगोपाल वन्यजीव उद्यान पुढे विस्तारून बंदीपूर व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. 2009 पासून तेथील महामार्गांवर रात्री 9 ते सकाळी 6 या वेळेत सामान्य वाहतुकीला बंदी आहे. तिच्याविरुद्ध व्यापाऱ्यांची आणि शेजारच्या राज्यांतील प्रवाशांची तक्रार आहे आणि तीही अगदीच निराधार नव्हे.

अशा प्रदेशात सायकलीला एक विशेष स्थान आहे. 2008 पासून दर डिसेंबरात ‘टूर ऑफ नीलगिरीज’ ही सायकलफेरी या डोंगरांतून निघते आणि कल्हट्टीचा घाट तिच्या कठीण टप्प्यांत गणला जातो. मोटारीतून जाणाऱ्याला पाइनचे वन आणि शोलावन सारखेच हिरवे दिसते. ताशी पाच-सात किलोमीटरांच्या गतीने घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला मात्र पाइनखालची जमीन सुयांच्या थराने झाकलेली व निःशब्द आढळते, तर शोलाच्या कडेला ओहोळाचा आवाज कानी येतो. मंद गती हीच येथे ज्ञानाची वाट ठरते.

हा धडा महाराष्ट्रालाही जवळचा आहे. आपल्या कोकणातील सडे, साताऱ्याजवळील कासचे पठार, देशावरची माळराने यांनाही दीर्घकाळ ‘पडीक’ हाच शेरा मिळाला. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत किती जीवसृष्टी नांदते हे सर्वांच्या ध्यानी आले. आता तेथे फुलांच्या मोसमात गर्दीवर मर्यादा घालावी लागते. ज्या माळांना अशी कीर्ती लाभली नाही, त्यांचे भवितव्य अद्याप महसुली दप्तरातील एका शब्दावर अवलंबून आहे. तो शब्द लिहिण्यापूर्वी कुणीतरी त्या माळावरून एकदा सावकाश जाऊन यावे, इतकी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.