लाल खडकांतले खुले नाट्यगृह

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

उघड्यावरचे गाणे म्हटले की आपल्याला मांडव आठवतो, सतरंज्या आठवतात, भैरवीची वाट पाहत अंगाभोवती गुंडाळून घेतलेली शाल आठवते. आपला मांडव कार्यक्रम संपला की उतरतो. आज ज्या जागेविषयी बोलायचे आहे, ती उतरवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिच्या दोन बाजूंच्या भिंती कोणी बांधलेल्याच नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला, मॉरिसन नावाचे छोटे गाव आहे. तिथे रॉकी पर्वताच्या पायथ्याशी लाल वालुकाश्माचे अजस्र खडक जमिनीतून तिरपे वर आले आहेत. त्यांतल्या दोन खडकांच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून ६,४५० फुटांवर, साडेनऊ हजारांच्या आसपास श्रोते बसतील असे खुले नाट्यगृह आहे. त्याचे नाव ‘रेड रॉक्स’.

हे खडक म्हणजे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी साचलेली वाळू. पुढे पर्वत वर उचलला गेला आणि तिचे आडवे थर कलंडून उभे राहिले. एका खडकाला ‘क्रिएशन रॉक’ म्हणतात, दुसऱ्याला, जहाजासारखा दिसतो म्हणून, ‘शिप रॉक’. दोन्ही तीनशे फुटांच्या घरातले. जाहिरातींमध्ये या जागेला हमखास ‘निसर्गनिर्मित रंगमंदिर’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

युट जमातीच्या आदिवासींचा या भागात पूर्वापार वावर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ब्रिझ्बेन वॉकर या गृहस्थांच्या ताब्यात ही जमीन आली. ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिक एके काळी यांच्याच मालकीचे होते. १९०६ ते १९१० या काळात त्यांनी इथे तात्पुरता मंच टाकून बँडच्या मैफली भरवल्या. १९११ मध्ये मेरी गार्डन ही त्या काळची नामांकित ऑपेरा गायिका इथे गायली आणि जागेच्या नादगुणावर खूष झाली. पुढे डेन्व्हर नगरपालिकेने १९२८ मध्ये ५४,१३३ डॉलर मोजून ही जागा विकत घेतली. खाजगी मालकाची हौस तिथे संपली आणि जागा लोकांची झाली.

पण नुसत्या जागेचे नाट्यगृह होत नाही. नगरपालिकेच्या उद्यान विभागाचे प्रमुख जॉर्ज क्रॅनमर यांनी सिसिलीतल्या ताओर्मिनाचे प्राचीन ग्रीक नाट्यगृह पाहिले होते. तसे काही या खडकांत करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. आराखड्यासाठी त्यांनी डेन्व्हरचेच वास्तुविशारद बर्नहॅम हॉइट यांना बोलावले. हॉइट यांचा मोठेपणा असा, की आपले काम कुठे दिसू नये याची त्यांनी काळजी घेतली. कमानी नाहीत, खांबांच्या रांगा नाहीत. उताराला धरून बाकांच्या लांबच लांब रांगा आणि कडेला झुडपे. आपल्याकडे वेरूळला कैलास लेणे कोरताना कारागिरांनी डोंगरातून मंदिर बाहेर काढले. हॉइट यांनी उलट केले, नाट्यगृह डोंगरात लपवले.

मधल्या जागेत मात्र मोठमोठे धोंडे पडलेले होते. महापौरांना ते धोंडे प्रिय होते, क्रॅनमर यांना अडचणीचे. डेन्व्हरमध्ये अशी गोष्ट सांगतात की, क्रॅनमर यांनी एके दिवशी सगळ्या धोंड्यांना एकदमच सुरुंग लावून घेतले आणि महापौरांना कळेपर्यंत सगळा कारभार उरकला होता. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना ही गोष्ट खरी वाटायला हरकत नाही!

सुरुंग लावणारे, दगड वाहणारे हात कोणाचे होते? ते दिवस महामंदीचे. बेकार तरुणांना काम देण्यासाठी अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ मध्ये ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना काढली होती. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतली अविवाहित पोरे, बहुतेक विशी-पंचविशीच्या आतली. महिन्याला तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस परस्पर घरी जायचे, हातात पाच. राहायला लाकडी बराकी, जेवण, कपडे आणि शिस्त लष्करी. मॉरिसनच्या छावणीतल्या अशा मुलांनी १९३६ पासून पाच वर्षे इथे काम केले. पहारी, फावडी आणि ढकलगाड्या हीच त्यांची मुख्य अवजारे. आपल्या रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली आहे, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगायला नको. १५ जून १९४१ रोजी नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. त्याच डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि १९४२ मध्ये ही योजनाच बंद झाली. काम आणखी वर्षभर लांबले असते तर आज आपण कदाचित अर्धवट पायऱ्यांविषयी बोलत असतो.

पुढचा इतिहास गाण्यावाल्यांचा. २६ ऑगस्ट १९६४ रोजी इथे ‘बीटल्स’ गायले. तिकीट ६ डॉलर ६० सेंट, आणि गंमत म्हणजे, साऱ्या दौऱ्यात वेड लावणाऱ्या या चौघांच्या समोर इथे काही बाक रिकामे राहिले. १० जून १९७१ ला ‘जेथ्रो टल’च्या कार्यक्रमाला मात्र बिनतिकिटांचा लोंढा आला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो वाऱ्याबरोबर प्रेक्षकांत पसरला. डोळे चोळत कलावंतांनी कार्यक्रम पुरा केला. महापौरांनी रॉक संगीतावर बंदी घातली; सौम्य गाणी चालतील, दणदणाट नको. लोकांच्या पैशाने बांधलेल्या जागेत लोकांनी काय ऐकायचे, हा निर्णय पालिकेने परस्पर घेतला. अखेर १९७५ मध्ये बॅरी फे या कार्यक्रम-संयोजकाने कोर्टात धाव घेतली. पालिकेचे वागणे मनमानीचे ठरले आणि बंदी उठली. ५ जून १९८३ रोजी आयर्लंडचे ‘यू टू’ धुक्यात आणि पावसात भिजत गायले. त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले आणि हे लाल खडक घरोघर पोहोचले.

२०१५ मध्ये अमेरिकेने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्या घोषणेत फक्त रंगमंच आणि खडक नाहीत. मॉरिसनमधली ती छावणीही आहे. पाच डॉलर हातखर्चावर राहणाऱ्या पोरांच्या बराकी तिथे अजून उभ्या आहेत.